भार टाकून बघा

गंगरेल धरणाच्या पायथ्याशी दहा मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. धरणाचं पाणी कालव्यांनी भातशेतीला जातं, भिलाईच्या पोलाद कारखान्याला जातं, रायपूरच्या नळांना येतं. एवढ्या सगळ्यांना पुरणाऱ्या त्या पाण्यावर सहा माणसांची एक छोटी बोट चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ करते आणि बसून राहते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यात काही विनोद आहे हे आता दुसरं कोणी हसल्यावरच माझ्या लक्षात येतं.

मी ब्राह्मणपाऱ्यात राहतो. घराच्या पुढच्या खोलीत इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि गाड्यांच्या वायरिंगचं काम चालतं. भोसल्यांच्या अमलात नागपूरकडून छत्तीसगडात जी मराठी कुटुंबं आली आणि जुन्या रायपुरात तात्यापारा, ब्राह्मणपारा अशी वसली, त्यांतलंच आमचं एक. समुद्र इथून पाचशेएक किलोमीटर. बोटीशी आमचा संबंध बुढा तालाबावर पायडल मारण्याइतकाच. बोटीचं वायरिंग आपल्या वाट्याला येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

झालं असं की इन्व्हर्टरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने चार मित्रांबरोबर विशाखापट्टणहून एक वापरलेली फायबरची बोट ट्रकवर चढवून आणली. मागे लटकणारं आउटबोर्ड इंजिन, पुढे दोन बाकं, वर ताडपत्रीचं छत. रविवारी धमतरीला जायचं, गंगरेलला बोट पाण्यात घालायची, दुपारभर फिरायचं आणि संध्याकाळी परत, असा बेत. पहिल्याच महिन्यात बोट मध्यावर बंद पडली. दुसरीकडून बोट बोलावून तिला ओढत आणावं लागलं. नवी बॅटरी घातली. दोन रविवार बरे गेले आणि पुन्हा तेच. मग आणखी नवी, आणखी मोठी बॅटरी घातली. तीही बसली तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे आलं ते तक्रार घेऊनच: “तुमच्या बॅटऱ्यांत आता दम राहिला नाही.”

बॅटरी माझ्या दुकानातली होती, त्यामुळे जाणं भाग होतं. अभनपूर, कुरूद, धमतरी करत नव्वदेक किलोमीटर गेलो. बॅटरीला मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. हायड्रोमीटरने एकेक सेल तपासला, सगळे सारखे. बॅटरी निर्दोष होती. चावी फिरवली की मात्र इंजिन कधी घुर्र करून थांबायचं, कधी नुसतं टक् करायचं.

अशा वेळी आपण गाडीवाले काय करतो? टर्मिनल घासतो, ग्रीस लावतो, जरा ठोकतो आणि चालली तर पैसे घेतो. मी बोटीवर तसं केलं नाही त्याला एक कारण होतं आणि ते कारण आमच्याच गल्लीत राहायचं.

आमच्या घरापासून चार दारं सोडून रेल्वेच्या ट्रेन लाइटिंगमधून निवृत्त झालेले एक काका होते. आगगाडीच्या डब्यातले दिवे आणि पंखे कशावर चालतात याचा विचार आपण करत नाही. जुन्या पद्धतीच्या डब्याखाली शिशाच्या बॅटऱ्यांची पेटी असते आणि चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा डायनमो. पुढे डायनमोच्या जागी अल्टरनेटर आला, चोवीस व्होल्टचे एकशे दहा झाले. गाडी धावते तोवर तो बॅटरी भरतो, गाडी उभी राहिली की बॅटरी दिवे जाळते. काकांनी उभा जन्म त्या पेट्यांपाशी वाकून काढला. तिथे बाहेरून वीज येत नाही, जे काय आहे ते डब्याबरोबरच धावतं. त्यांच्याकडे एक टेस्ट लॅम्प होता. लाकडी मुठीत बसवलेला होल्डर, त्यात दिवा आणि दोन लांब वायरी. मी त्यांना माझा डिजिटल मीटर कौतुकाने दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “छान आहे. पण हा सज्जन माणूस आहे रे. कोणाकडे काही मागत नाही, म्हणून सगळे त्याला हो म्हणतात. दिवा मागतो.”

तेव्हा मला ती म्हाताऱ्या माणसाची मीटरवरची नाराजी वाटली. तिचा अर्थ गंगरेलच्या काठावर लागला. मीटरला वीज जवळजवळ लागतच नाही. दहा अँपिअरची वायर आतून कुजून तिच्या केसांसारख्या तारांपैकी एकच केस, तोही अर्धवट कुजलेला, शिल्लक असला तरी त्या एका केसावरून मीटर बारा व्होल्ट दाखवतो. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर ओढतो आणि तो एक केस तेवढी वीज देऊ शकत नाही. मीटर सांगतो बारा, दिवा पेटत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात.

त्या बोटीत मी भार टाकून मोजलं. बाजूला बसलेल्या गड्याला सांगितलं, मी म्हणेन तेव्हा सेल्फ मार आणि मी म्हणेपर्यंत सोडू नको. सेल्फ चालू असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर ११.२ व्होल्ट होते. त्याच वेळी स्टार्टरपाशी सात. मधले चार व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते. मग वाटेचे तुकडे केले. लाल बाजूला, बॅटरीच्या खुंटीपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत, अर्धा व्होल्टही पडत नव्हता. काळ्या बाजूला, निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत, पावणेचारच्या वर पडत होते. चोर सापडला नसला तरी कुठल्या गल्लीत शिरला ते कळलं.

ती काळी केबल दिसायला नवी कोरी होती. दोन्ही टोकांना बोल्टला जोडायचे चकचकीत लग, वरून काळी टेप घट्ट गुंडाळलेली. सेल्फ मारून झाल्यावर मी हात फिरवत गेलो तर इंजिनाकडचा लग गरम लागला. टेप सोलली. टेपखाली चिकट काळपट रस होता. चाकूने इन्सुलेशन उभं चिरलं तर आत तांबं दिसायला हवं तिथे आधी हिरवं, मग करडं आणि शेवटी काळं. बोटांत चोळलं तर तारेच्या केसांची भुकटी झाली. लगाच्या नळीत दाबलेले चारसहा केस तेवढे लाल उरले होते. विशाखापट्टणच्या खाऱ्या हवेत ही बोट किती वर्षं होती कोण जाणे. खारं पाणी उघड्या टोकातून तारेच्या केसांमधून वर चढत जातं आणि इन्सुलेशनच्या आत बसून राहतं. बोट गोड्या पाण्यात आली म्हणून आतलं मीठ कुठे जात नाही. समुद्रावरच्या चांगल्या बोटींत म्हणूनच कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात, केसन् केस रुपेरी असलेली. ती महाग पडते, त्यामुळे जुन्या बोटीत दुरुस्ती करताना कोणीतरी घरगुती वायर घालून गेलेला असतो.

हिशेब करून बघा. सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. वाटेत चार व्होल्ट पडले म्हणजे चारशे वॅट त्या एका जोडात जळले. मध्यम इस्त्रीची निम्मी उष्णता एका बोटभर लगात. जोडाचा अडथळा किती, तर एका ओहमचे चार शतांश. साध्या मीटरवर ओहम मोजायला गेलात तर तो शून्यच दाखवेल आणि तुम्ही केबल ठीक आहे म्हणून घरी जाल. त्या बोटीच्या मालकाने दोन बॅटऱ्या विकत घेतल्या त्या या चार शतांशापायी. केबल बदलली, जुनी बॅटरी परत घातली आणि इंजिन पहिल्या फेऱ्याला लागलं. मालकाला आनंद झाला आणि रागही आला. राग कोणावर काढायचा ते त्याला कळेना.

त्यानंतर कानोकानी बातमी गेली. गंगरेल, पुढे कोरब्याकडच्या एक-दोन बोटी, एका फार्महाउसच्या तळ्यातली बोट, अशी कामं येऊ लागली. पैसे त्यात फारसे नाहीत, डिझेल आणि जेवण सुटतं. पण इन्व्हर्टरच्या कामात जे शिकायला मिळत नाही ते इथे मिळालं.

रस्त्यावरच्या गाडीचा मिस्त्री बोटीत शिरला की तो एक गोष्ट हमखास करतो. गाडीत लाल वायर एकच नेतात आणि परतीची वाट म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी. हॉर्न असो, दिवा असो, निगेटिव्ह जवळच्या बोल्टला मारला की काम झालं. फायबरच्या बोटीला बॉडी म्हणून जे आहे त्यातून वीज जात नाही. परतीची वायर प्रत्येक उपकरणापासून बॅटरीपर्यंत ओढावी लागते. ती ओढायचा कंटाळा म्हणून लोक सगळे निगेटिव्ह मधल्या एका स्क्रूवर गोळा करतात आणि तिथून एकच बारीक वायर मागे नेतात. दोन ड्रमांवरच्या अल्युमिनियमच्या तराफा-बोटीत तर सांगाडाच परतीला वापरतात. वीज त्यातून जाते, पण ओल्या धातूतून जाता जाता तो धातू खात जाते. तळाशी टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडतात आणि मालक वेल्डिंगवाल्याला दोष देतो.

असल्या बोटीतल्या खोड्या फार चमत्कारिक असतात. एका बोटीत हॉर्न वाजवला की छतावरचा दिवा मंद व्हायचा आणि पंप चालू केला की गाणं अडखळायचं. मालकाने आधी म्युझिक सिस्टिमवाल्याला बोलावलं, मग दिवा बदलला. मी पोचलो तेव्हा मालक, त्याचे मित्र, सगळे एकाच वेळी आपापला सिद्धान्त सांगत होते. बोट चालवणारा केवट काठावर बसून जाळं साफ करत होता. त्याला विचारलं तर मान वर न करता म्हणाला, “भोंपू बजाथंव त बत्ती मद्धम हो जाथे. पंप म घलो.” हॉर्नलाही आणि पंपालाही! एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकदम बिघडत असतील तर त्या सगळ्यांत सामाईक काय आहे ते शोधायचं. सामाईक होती ती परतीची वायर. बाकाखालचा तो एक स्क्रू कापसाने पुसला तर कापूस हिरवा झाला. मालकांनी चार रविवार डोकं चालवलं होतं आणि उत्तर केवटाकडे होतं, कोणी त्याला विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी बोटीवर गेलो की आधी ती चालवणाऱ्या माणसाशी बोलतो. मालक गाडीतून उतरायच्या आत बोललं तर उत्तम. शेवटची नीट कधी चालली? त्यानंतर कोणी काय हात लावला? पंपाचा आवाज बदलला का? या माणसांचा कान तयार असतो. सेल्फचा घुर्र किती लांबला, पंप कोरडा फिरतोय की पाणी ओढतोय हे त्यांना आवाजावरून कळतं. मालकासमोर ते बोलत नाहीत, कारण बिघाड आपल्या गळ्यात पडेल ही भीती. ती भीती बहुतेक वेळा खरी असते.

म्युझिक सिस्टिमबद्दल थोडं बोलायला हवं, कारण सहलीच्या बोटीचं अर्धं दुखणं तिथे आहे. लोकांना वाटतं इंजिन चालू आहे म्हणजे बॅटरी भरते आहे. लहान आउटबोर्डमधून चार्जिंगला सहा-सात अँपिअर येतात, तेही इंजिन जोरात असताना. सहलीत इंजिन जोरात असतं जाताना दहा मिनिटं आणि येताना दहा मिनिटं. मधले तीन तास बोट एका जागी उभी आणि अँप्लिफायर, रंगीत दिवे, चार मोबाइल, छोटा पंखा असं सगळं मिळून पंधरा अँपिअर खात असतं. तीन तासांचे पंचेचाळीस अँपिअर-तास झाले. बॅटरीवर पासष्ट लिहिलेलं असतं, म्हणून मालक निर्धास्त. तो पासष्टचा आकडा सावकाश, वीस तासांत रिकामी केली तर मिळतो. भराभर ओढलं तर तेवढा मिळत नाही. आणि सेल्फसाठी बनवलेली बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिच्या प्लेटांचं आयुष्य संपत येतं. ती एकदम जोरात धक्का द्यायला बनलेली असते, दिवसभर ओझं वाहायला नव्हे. ओझं वाहणारी बॅटरी वेगळी, ई-रिक्षात किंवा इन्व्हर्टरला असते तशी. म्हणून दोन बॅटऱ्या ठेवा, एक फक्त सेल्फची आणि तिला गाण्याने हात लावायचा नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो. निम्मे ऐकतात. बाकीचे अँप्लिफायर मोठा घेतात.

दोन बॅटऱ्यांमधला निवडीचा खटका इंजिन चालू असताना ‘बंद’वरून फिरवू नये, हे मात्र सगळ्यांनी ऐकावं. चार्जिंगच्या विजेला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि रेक्टिफायर जातो. त्याची किंमत बॅटरीपेक्षा जास्त असते.

उन्हाळा हा आणखी एक शत्रू. मे महिन्यात रायपूरला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. बोटीतली बॅटरी बाकाखालच्या बंद पेटीत असते, म्हणजे तिथे आणखी जास्त. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं असा जुना अंदाज आहे आणि माझ्या दुकानात परत येणाऱ्या बॅटऱ्या त्याला साक्ष देतात. पेटीला हवा लागेल अशी भोकं पाडा, पाणी बघत जा. पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. एका सुशिक्षित गृहस्थांनी बॅटरीत सीलबंद बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं होतं, शुद्ध असतं म्हणून. ते माणसाला शुद्ध असतं. त्यातले क्षार बॅटरीला चालत नाहीत.

आता जे सांगतो त्यात गंमत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत गळालं तर रस्त्यावर जाऊन उडून जातं. बोटीत ती वाफ तळाशी साठते, कारण बोट म्हणजे वरून उघडं आणि खालून बंद असं भांडंच. तिथेच बॅटरी असते आणि बॅटरीवर हात मारला की ठिणगी पडते. चार्जिंग चालू असेल तर बॅटरीतूनही हायड्रोजन निघत असतो. एका दुपारी टाकीच्या नळीचा जोड पाझरत होता आणि मालकाच्या भाच्याने आल्या आल्या दोन केबल जुळवून सेल्फ ‘थेट’ मारायचं ठरवलं होतं. बाक उचललं आणि वास आला. मी केबल त्याच्या हातातून काढून घेतली, सगळ्यांना काठावर उतरवलं आणि झाकणं उघडून आम्ही नुसते बसून राहिलो. पोरगा वैतागला. वारा सुटला, वास गेला, नळी बदलली, तळ पुसला आणि मग कामाला लागलो. त्या दिवसापासून माझ्या कामाचा क्रम पक्का झाला: आधी नाक, मग डोळे, मग हात. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायचा, जोडताना तो शेवटी लावायचा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेली असायला हवी. याला अपवाद मी कोणासाठी करत नाही, घाईत असलेल्या मालकासाठी तर नाहीच.

दुसरी एक गोष्ट मी साफ नाकारतो. घाटावरच्या टपरीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढून बोटीतच चार्जर लावायचा, हा उद्योग मी पाहिला आहे. ओल्या फळ्यांवरून गेलेली दोन ठिकाणी टेप मारलेली वायर, एक टोक टपरीत आणि दुसरं पाण्यापासून वीतभर. लोकांची समजूत अशी की विजेची भीती खाऱ्या पाण्यात जास्त, हे तर गोडं पाणी. उलट आहे. खाऱ्या पाण्यातून वीज माणसापेक्षा सहज जाते, म्हणून ती बऱ्याच अंशी त्याच्या भोवतीने निघून जाते. गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून ती सहज जाते. स्नायू आखडतात, पोहणाऱ्याला हात हलवता येत नाही आणि तो बुडतो. वरून बघणाऱ्याला वाटतं दमला असेल. बारा व्होल्टची ही भीती नाही, दोनशे तीसची आहे. बॅटरी उचलून काठावर आणा आणि तिथे भरा. वीसएक किलोचं ओझं आहे, दोघांनी उचललं तर काही होत नाही.

पाणी उपसायच्या पंपाची कथा दर पावसाळ्यात घडते. बोटीच्या तळाशी छोटा पंप असतो आणि त्याच्या शेजारी गच्चीवरच्या टाकीत असतो तसा तरंगता खटका. पाणी चढलं की खटका उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो. शिस्तीचा मालक आषाढाच्या तोंडाशी बोट बांधतो, सगळं आवरतो आणि जाताना मेन स्विच बंद करतो, घर बंद करताना करतो तसा. पंपही मेन स्विचच्या पलीकडून जोडलेला असेल तर तोही बंद झाला. मग चार दिवस झड लागते, छताच्या ताडपत्रीतून पाणी आत साठतं आणि पाचव्या दिवशी केवटाचा फोन येतो की बोटीचा फक्त पुढचा भाग दिसतो आहे. पंप मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून जोडायचा असतो. फ्यूज बॅटरीच्या खुंटीपासून वीतभरात हवा. लांब बसवला तर खुंटी ते फ्यूज एवढी वायर बिनराखणीची राहते.

आणि खटका हाताने उचलून बघायचा. बघायचा म्हणजे पंप सुरू झाल्याचा आवाज ऐकून थांबायचं नाही. बादलीभर पाणी ओतायचं आणि ते बाहेर पडताना डोळ्यांनी पाहायचं. एका बोटीत पंप छान गुणगुणत होता आणि पाणी तसंच होतं, कारण जाळीत गुटख्याची पुडी अडकली होती.

पहिली विजेची बोट रशियात नेवा नदीवर याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ च्या सुमारास चालवली, तीही बॅटरीवरच. शिशाची बॅटरी आली १८५९ मध्ये. आज ई-रिक्षाची मोटर आणि अठ्ठेचाळीस व्होल्टचा संच घालून तळ्यातली बोट चालवणारे हौशी आपल्याकडेही आहेत. मला तो रस्ता आवडतो. पेट्रोलचा धोका नाही, आवाज नाही. पण जोड तेच, कीट तीच आणि परतीची वायरही तीच. अठ्ठेचाळीस व्होल्टच्या संचात तर चार बॅटऱ्यांमध्ये तीन पट्ट्या जास्त, म्हणजे सैल व्हायला सहा बोल्ट जास्त.

काका गेले. त्यांचा दिवा त्यांच्या मुलाने मला दिला, पण तो एकशे दहा व्होल्टचा. बोटीत तो पेटत नाही. मी माझा वेगळा बनवून घेतला आहे: इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन मीटर वायर, टोकांना चिमटे. मीटरही सोबत असतो, कारण किती पडलं ते दिवा सांगत नाही, फक्त पडलं एवढं सांगतो. शिकाऊ पोरांना मी आधी दिवा देतो आणि महिनाभराने मीटर. काही पोरं रुसतात, त्यांना आकडे बघायचे असतात.

बोटवाल्यांना माझी एक विनंती आहे. बोट पावसाळ्यासाठी बांधायची असेल तर मला ज्येष्ठातच बोलवा. तेव्हा निस्तारीचं, म्हणजे गावच्या रोजच्या वापराचं, पाणी सोडून गंगरेल उतरलेलं असतं, बोट कोरड्या चिखलावर टेकलेली असते आणि खाली वाकून केबल बघायला जागा मिळते. एका दुपारचं काम आहे. पुढच्या बाकाखाली दोन सुटे फ्यूज, एक दिवा आणि एक वल्हं ठेवा, आणि बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असू द्या. आषाढात झड लागल्यावर फोन केलात तर मी येईन, पण तेव्हा बरोबर बोट ओढायला ट्रॅक्टरही सांगावा लागतो आणि त्याचे पैसे माझ्या बिलात नसतात.